जुने दागिने मोडीत घालण्यापूर्वी: पारंपरिक सोनारकाम कसे ओळखावे

घरातील वडीलधाऱ्या बाईच्या पश्चात किंवा वाटणीच्या वेळी दागिन्यांचा जुना डबा हाती आला, की बहुतेक जण तो तसाच सराफाकडे नेतात. सराफ दागिने तराजूत टाकतो, कॅरेटमीटरखाली धरतो आणि मोडीचा एक आकडा सांगतो. सोन्यापुरता तो आकडा बहुधा रास्तही असतो. परंतु दागिना पत्र्यातून घडला की तारेतून, त्यावरचे रवे (सोन्याचे बारीक गोल दाणे) हातांनी बसवलेले आहेत की साच्यातून ओतून निघालेले आहेत, तो पुन्हा घडवायचा म्हटले तर तसा कारागीर मिळेल का, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. हे आपले आपल्यालाच पाहावे लागते, आणि ते दागिना वितळण्यापूर्वी पाहावे लागते.

पुढील माहिती मला सराफांच्या पेढ्यांवर, माळा दोऱ्यात गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांसमोर बसून आणि कारागिरांना प्रश्न विचारून तुकड्यातुकड्यांनी मिळाली. ती येथे क्रमाने मांडली आहे. लेखाचा विषय मुख्यतः महाराष्ट्रातील घरांत सापडणारे, साधारण तीन-चार पिढ्यांपूर्वीचे दागिने हा आहे. राजस्थानी जडावाचा किंवा दक्षिणेकडील कामाचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

लागणारे साहित्य आणि कागदपत्रे

साहित्य फार लागत नाही आणि महागही नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, एक विजेरी, मऊ केसांचा ब्रश, पांढरे सुती कापड आणि जवळचे छायाचित्र घेऊ शकणारा मोबाइल एवढे पुरे. लोहचुंबक असल्यास फिरकी किंवा कडी लोखंडाची बदललेली आहे का ते कळते. सोने खरे की खोटे हे मात्र चुंबकाने ठरत नाही, कारण तांबे, पितळ आणि चांदीही चुंबकाला चिकटत नाहीत. सोने तपासण्यासाठी बाजारात मिळणारे तेजाबाचे (तीव्र आम्लाचे) संच नवख्याने घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदांमध्ये जुन्या पावत्या, सराफाच्या वजनाच्या चिठ्ठ्या, मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र यांचा शोध घ्यावा आणि तो दागिना अंगावर असलेली घरातील जुनी छायाचित्रेही गोळा करावीत. लग्नातल्या एखाद्या छायाचित्रात वज्रटीक दिसत असेल, तर ती त्या वर्षी घरात होती याचा तो चांगला पुरावा असतो. पुढे कर भरताना किंवा भावंडांत वाद झाल्यास हे कागद उपयोगी पडतात.

१. प्रथम नोंद करावी, धुणे-पुसणे नंतर

दागिना ज्या स्थितीत सापडला त्याच स्थितीत त्याची समोरून, मागून आणि कडेने छायाचित्रे काढावीत. वजन नोंदवावे आणि त्यात दोरा, लाख, खडे, मोती यांचे वजन मिसळलेले आहे असे शेजारी लिहावे. मणी, पाने, पुतळ्या मोजाव्यात. दागिना दुसऱ्याच्या हाती देण्याआधी हा आकडा आपल्याजवळ असणे फार महत्त्वाचे असते; गाठवून परत आलेल्या माळेत दोन मणी कमी आहेत की नाहीत, हे नंतर सांगता येत नाही.

स्वच्छतेची घाई न करण्याचे कारण सोनारकामाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. दागिना घडवून झाला की जुने सोनार त्याला रंग देत. मीठ, सोरा आणि तुरटी यांच्या मिश्रणात तो तापवला, की पृष्ठभागावरील तांबे आणि चांदीचा अंश निघून जातो आणि वर जवळजवळ शुद्ध सोन्याचा अतिशय पातळ थर राहतो. जुन्या दागिन्यांना जो गडद, किंचित मंद पिवळेपणा असतो, तो पुष्कळदा या थराचा असतो. पेढीवरच्या फिरत्या बफावर (चकाकी देणाऱ्या चाकावर) दागिना एकदा धरला, की हा थर कायमचा जातो आणि रव्यांची टोकेही झिजतात.

वजनाच्या चिठ्ठ्या वाचताना एक फसगत हमखास होते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. त्याचे १२ मासे आणि प्रत्येक माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. आज पेढीवर तोळा म्हटले की १० ग्रॅम धरतात. त्यामुळे जुन्या चिठ्ठीत ‘पाटल्या, तोळे ५’ असे असेल, तर काट्यावर ५८.३ ग्रॅमच्या आसपास वजन यायला हवे, झिजेमुळे फार तर थोडे कमी. पन्नास ग्रॅम भरले म्हणून समाधान मानणाऱ्याच्या लक्षात मधली तूट येतच नाही.

२. दागिना कशातून घडला ते ठरवावे

नावांच्या यादीत अडकण्याआधी घडणीकडे पाहावे. बहुतेक जुने दागिने पुढील घटकांतून तयार होतात: ठोकून पातळ केलेला पत्रा, ओढून काढलेली तार, वितळवून केलेला रवा आणि भरीव कांब. पोहेहार, बोरमाळ, साजाची पाने ही पत्र्याची कामे. गोफ हे तारेचे काम. भरीव गोठ आणि पिळाच्या पाटल्या हे कांबेचे काम. बुगडी किंवा वेल यांत तार आणि रवे दोन्ही आढळतात. नथीत सोन्याची तार सांगाड्याचे काम करते आणि मोती त्याच तारेने एकमेकांना बांधलेले असतात. वज्रटिकेत सोन्याचे मणी कापडाच्या पट्टीवर बसवलेले असतात, म्हणून तिचे वजन करताना कापडाचा विसर पडू देऊ नये.

एकच दागिना वेगवेगळ्या ऐपतीच्या घरांत वेगवेगळ्या पद्धतीने घडवला जाई. गोठ भरीवही असत आणि पत्र्याची नळी करून आत लाख भरलेलेही असत. दोन्ही अंगावर सारखेच दिसतात, सोन्यात मात्र मोठा फरक पडतो.

३. ठशाचे काम आणि आतली लाख

कोल्हापुरी साजाचे एक पान हातात घ्यावे. चंद्र, मासा, कासव, बेलपान, कमळ, भुंगा असे आकार समोरून उठावदार दिसतात. पान उलटून पाहिले, की मागे सपाट पत्रा असतो आणि त्याच्या कडेने झाळलेली, म्हणजे लवकर वितळणाऱ्या धातूने (झाळीने) जोडलेली, बारीक शीव दिसते. समोरचा पत्रा धातूच्या ठशावर ठेवून ठोकलेला असतो, त्यामुळे नक्षीचा उंचवटा आतून पोकळ असतो. त्या पोकळीत लाख भरली, की पातळ पत्रा चेपत नाही आणि पान हातांना भरदार लागते. बोरमाळेच्या मण्याचेही तसेच: काशाच्या ठोकळ्यातील खळग्यात पत्रा ठोकून दोन वाट्या करायच्या, त्या झाळून मणी करायचा आणि भोकातून लाख भरायची.

लाख आहे की नाही हे ओळखण्यासाठी भोकाच्या कडेशी विजेरी धरून भिंगातून पाहावे. काळसर किंवा तांबूस, काचेसारखा तुटलेला पृष्ठभाग दिसतो. जुनी लाख सुटलेली असेल, तर मणी कानाजवळ हलवल्यावर खुळखुळतो आणि डब्याच्या तळाशी तांबडी भुकटी पडलेली आढळते. ही भुकटी फेकू नये, ती कोणत्या दागिन्याची आहे ते लिहून पुडीत ठेवावी.

येथे दोन धोके आहेत. पहिला उष्णतेचा: लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधीच मऊ होऊ लागते. त्यामुळे उकळते पाणी, वाफेची स्वच्छता आणि पेढीवरचे अल्ट्रासोनिक यंत्र लाखेच्या दागिन्यांना वर्ज्य आहे. दुसरा धोका हिशेबाचा: मोड घेताना लाखेची घट किती धरायची यावर घासाघीस होते आणि नवखा माणूस सांगितलेली घट मान्य करतो. लाख काढून निव्वळ सोने तोलायचे असेल, तर ते आपल्यासमोर करण्यास सांगावे. मात्र एकदा लाख काढली, की दागिना पूर्वीसारखा राहत नाही, हे ठरवूनच तसे करावे. घनता काढून शुद्धता ठरवण्याचा घरगुती प्रयोग अशा पोकळ दागिन्यांवर पूर्णपणे निरुपयोगी असतो. पाण्यात बुडवल्याने दोरा कुजतो, हा वर आणखी तोटा.

४. रवाकाम: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

हातकामाची परीक्षा माझ्या मते रव्यांत जितकी नेमकी होते तितकी दुसऱ्या कशात होत नाही, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

रवा करण्याची जुनी रीत साधी आणि विलक्षण आहे. बारीक तारेचे एकसारखे तुकडे कापून ते कोळशाच्या भुकटीत थर देऊन ठेवतात आणि मूस तापवतात. सोने १०६४ अंशांना वितळते, २२ कॅरेटचे त्याहून काहीसे कमी तापमानाला. वितळताच प्रत्येक तुकडा पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतो आणि भोवतीच्या भुकटीमुळे शेजारच्या तुकड्याला चिकटत नाही. मग रवे चाळून आकारानुसार वेगळे करतात आणि चिमट्याने किंवा ओल्या कुंचल्याने एकेक उचलून पत्र्यावर मांडतात. झाळण्यापूर्वी ते जागेवर राहावेत म्हणून गुंजेच्या बिया वाटून केलेला चिकट लेप वापरण्याची पद्धत होती. ज्या बीने सोने तोलायचे तिच्याच लेपाने ते चिकटवायचे. शेवटी झाळीचा बारीक कीस आणि टाकणखार टाकून फुंकणीने ज्योत वळवायची. क्षणभर आच जास्त झाली तर झाळीबरोबर रवेही वितळून सगळ्याचा एकच गोळा होतो.

भिंगाखाली आता हे पाहावे. खरा रवा पत्र्याला तळाच्या अगदी लहान भागात टेकलेला असतो. त्याच्या पोटाखाली काळी, खोल सावली दिसते आणि दोन शेजारच्या रव्यांमध्ये स्पष्ट फट असते. साच्यातून ओतलेल्या नकली रवाकामात रव्याचा खालचा अर्धा भाग पत्र्यातच विरघळलेला असतो, फटी भरलेल्या असतात आणि सगळ्या रव्यांची उंची संशय यावा इतकी सारखी असते. ओतकामात पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रेही आढळतात.

सर्वांत भरवशाची खूण मात्र दागिन्याच्या दोषात सापडते. जुन्या कुडीवर किंवा बुगडीवर एखादा रवा गळलेला असतो, आणि त्या जागी गोल वळ राहिलेला असतो, मध्ये किंचित खोलगट आणि कडेला झाळीचे बारीक कडे. ओतलेल्या दागिन्यातून असा एकटा रवा गळू शकत नाही. त्यामुळे रवा गळलेली जागा दिसली तर दागिना खराब झाला म्हणून खंतावण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे.

झाळ जास्त पडून फटी भरल्या गेल्या असतील, तर ते हातकाम असूनही हलके हातकाम समजावे. सगळेच जुने सोनार निष्णात नव्हते, आणि जुने म्हणजे उत्कृष्ट असे धरून चालणे हाही एक सापळाच आहे.

५. तार, पीळ आणि गोफ

तार काढण्यासाठी जंत्री वापरतात: उतरत्या आकाराची भोके असलेली पोलादी पट्टी. कांब ठोकून निमुळती करायची आणि एकामागून एक लहान भोकातून ओढत न्यायची. अधूनमधून तापवून मऊ केली नाही तर तार तुटते. अशा तारेवर लांबीच्या दिशेने सरळ, समांतर ओरखडे दिसतात. काही जुन्या दागिन्यांत पत्र्याची अरुंद पट्टी पिळून तार केलेली असते. तिच्यावर नागमोडी फिरत जाणारी शीव दिसते.

गोफामध्ये तारेच्या कड्या एकमेकींत गुंफून दोरीसारखी लवचीक साखळी केलेली असते. हातच्या गोफात दर काही कड्यांनंतर घट्टपणा किंचित बदलतो आणि प्रत्येक कडीवर झाळीचा ठिपका सापडतो. यंत्रावर विणलेल्या साखळीत हा फरक आढळत नाही.

६. पुतळ्यांची माळ वाचावी

पुतळी हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला आपल्याकडे मिळालेले नाव. १२८४ मध्ये तेथे सुरू झालेले हे सुमारे ३.५ ग्रॅमचे नाणे जवळजवळ शुद्ध सोन्याचे असे आणि व्यापारातून ते मोठ्या प्रमाणात भारतात आले. त्याच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक असतो. दोन मानवाकृती आणि मध्ये उभा दंड असे हे चित्र आपल्याकडे राम-सीतेचे मानले गेले. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले, पण मागणी संपली नाही. म्हणून येथील सोनारांनी तसेच ठसे कोरून पुतळ्या घडवल्या.

आपल्या माळेतील प्रत्येक पुतळी वेगळी तपासावी. मूळ नाण्यावरील रोमन अक्षरे वाचता येतात. येथे घडवलेल्यांवर अक्षरांच्या जागी अर्थहीन रेघा आणि ठिपके असतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. वजन ३.५ ग्रॅमच्या जवळ नसेल आणि कडा दाबल्यावर किंचित आत जात असेल, तर ती पातळ पत्र्याची पुतळी आहे. एकाच माळेत तिन्ही प्रकार मिसळलेले सापडतात, कारण माळ पिढ्यान्‌पिढ्या वाढवली जाई. सगळ्या माळेचा एकच दर सांगणाऱ्याला म्हणूनच थांबवावे.

७. खडे आणि मोती

कुंदनकामात खडा धरून ठेवणारे सोने अतिशय शुद्ध आणि म्हणून मऊ असते. त्याच्या पट्ट्या खड्याभोवती थंडच दाबून बसवतात, झाळत नाहीत. खड्यामागे चमक वाढवणारा पातळ पत्रा असतो आणि मागची बाजू बंद असते. पाणी आत शिरले, की तो पत्रा काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसू लागतो. लोक खडा खोटा निघाला असे म्हणतात, पण पुष्कळदा दोष पाण्याचा असतो.

लाल खड्यांबाबत जुनेपणावर विसंबू नये. प्रयोगशाळेत माणिक तयार करण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नुई यांची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर असे खडे जगभर स्वस्तात पसरले. त्यामुळे पणजीच्या दागिन्यातील माणिकही मानवनिर्मित असू शकते. भिंगाखाली वक्र, समांतर रेघा किंवा गोल बुडबुडे दिसले, तर तशी शंका घ्यावी. मोत्यांच्या बाबतीत घरोघरी ‘बसराई’ (इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती) हा शब्द सढळपणे वापरला जातो. नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यांतला फरक क्ष-किरण तपासणीनेच खात्रीने कळतो; दातांवर घासून मोती आणि काच यांतला फरक कळतो, त्यापलीकडे काही नाही. नथीतले मोती मोठे आणि एकसारखे असतील, तर विकण्याआधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे खर्चाच्या मानाने निश्चितच हिताचे ठरते.

८. मागची बाजू, झाळ आणि जुन्या दुरुस्त्या

पुढची बाजू कारागीर लोकांसाठी घडवतो. मागच्या बाजूला कामाचा क्रम उघडा असतो. कुडीचे मळसूत्र पाहावे: हाताने कापलेल्या आट्यांमधील अंतर थोडे कमीजास्त असते आणि एका कुडीची फिरकी जोडीतल्या दुसऱ्या कुडीवर नीट बसत नाही. फिरकी अगदी सफाईदार असेल, तर ती नंतर बदललेली असावी. यात गैर काही नाही, फक्त नोंद असावी.

झाळ ही मूळ सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळावी लागते, म्हणून तिच्यात चांदी आणि तांबे अधिक असते. जुन्या जोडांवर म्हणूनच फिकट किंवा तांबूस रेघ दिसते. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘केडीएम’ या नावाने कॅडमियमची झाळ प्रचलित झाली. तिचा धूर कारागिरांना घातक असल्यामुळे ती पुढे बाद करण्यात आली.

मागे करडा, मऊसर, मेणासारखा डाग दिसला तर विशेष सावध व्हावे. कोणीतरी कधी घाईत शिसे-कथिलाच्या झाळीने दुरुस्ती केल्याची ती खूण असते. असा दागिना सोनाराने न पाहता पुन्हा तापवला, तर शिसे सोन्यात उतरते, सोने ठिसूळ होते आणि त्यात खड्डे पडतात. ती जागा सोनाराला भिंगातून दाखवावी आणि शिसे पूर्ण काढल्याखेरीज ज्योत लावू नये, असे स्पष्ट सांगावे.

शिक्क्यांविषयी थोडेसे. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याच्या दागिन्यांची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली, जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि एप्रिल २०२३ पासून सराफांना सहा अक्षरांकी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. जुन्या दागिन्यावर यातले काही नसणे स्वाभाविकच आहे. असले, तर तो शिक्का तपासणीचा काळ सांगतो, घडणीचा नव्हे. आणखी एक सावधगिरी: दुकानात ‘अँटिक’ या नावाखाली मिळणारे मंद, काळसर झाकेचे दागिने नवेच असतात. ते वाईट असतात असे नाही, पण त्या झाकेला जुनेपणाचा पुरावा मानू नये.

९. कस: तीन पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

कसोटीच्या दगडावर दागिना घासून उमटलेली रेघ माहितीच्या कॅरेटच्या सळ्यांच्या रेघांशी ताडून पाहणे आणि वर तेजाब लावणे, ही सर्वांत जुनी पद्धत. सराईत सराफाची नजर यात आश्चर्यकारक असते. घासण्याची जागा मात्र आपण ठरवावी: आतली कड, जोडापासून दूर. जोडावर घासले तर झाळीचा कस येतो आणि दागिना हलक्या सोन्याचा ठरतो.

कॅरेटमीटर दागिन्याला ओरखडाही न पाडता आकडा देतो, पण त्याचे क्ष-किरण पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनच जातात. पहिल्या पायरीत सांगितलेला रंग दिलेला थर जेथे शाबूत असतो, तेथे आकडा प्रत्यक्षापेक्षा चढा येतो. चांदीवर जाड मुलामा असेल तर तो पार दिशाभूल करतो. म्हणून तीन-चार ठिकाणी, त्यातही झिजलेल्या कडेवर, मापन करण्यास सांगावे. मुलामा असल्यास झिजेच्या जागी पांढरी चांदी किंवा लालसर तांबे डोकावतेच.

खात्रीची परीक्षा म्हणजे वितळवून नमुना काढणे आणि अग्निपरीक्षेने त्यातील सोने मोजणे. ती अर्थातच दागिना संपवते. वितळवल्यावर आलेला कस आधीच्या आकड्यापेक्षा कमी निघाला, तर लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये. रवाकामाच्या आणि तारेच्या दागिन्यात जोड शेकड्याने असतात आणि ती सगळी झाळ आता सोन्यात मिसळलेली असते. गाळणी मात्र डोळ्यांसमोर करून घ्यावी. हा व्यवसाय देशभर पसरवणारे गलाईवाले मोठ्या संख्येने सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले आहेत, आणि आपण मराठीत विचारले तर ते प्रत्येक टप्पा समजावून सांगतात, असा माझा अनुभव आहे.

काळाचा एक विशेष ध्यानात ठेवावा. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. कसावरची ही मर्यादा १९६६ मध्ये उठली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत लागू होता. त्यामुळे १९६३ ते १९६६ या काळात झालेल्या लग्नातील मंगळसूत्र किंवा पाटल्या ५८.५ टक्के सोन्याच्या निघाल्या, तर त्या काळच्या सोनाराला दोष देण्याचे कारण नाही.

१०. स्वच्छता आणि गाठवणे

खडे, मोती, लाख किंवा दोरा नसलेल्या भरीव दागिन्यांसाठी रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. बाकी सर्वांसाठी कोरडा ब्रश आणि सुती कापड. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, चिंच यांचा वापर टाळावा. पहिले दोन पृष्ठभाग घासतात आणि आम्लाने मोत्याची कांती जाते. पाऱ्याचा थर्मामीटर फुटलेल्या ठिकाणी तर सोने आसपासही नेऊ नये, कारण पारा सोन्याला क्षणात पांढरे करतो.

माळ गाठवायची असेल तर पटवेकरी शोधावा. सराफाकडे दिली तरी ती शेवटी त्याच्याकडेच जाते, आणि मधल्या हातांत सूचना गळतात. मण्यांचा क्रम दाखवणारे छायाचित्र सोबत द्यावे, जुना गोंडा परत मागावा, आणि रेशमी किंवा सुती दोऱ्याऐवजी धातूची तार घालण्याची सूचना आली तर नकार द्यावा. तार मण्याच्या भोकाची कड आतून कापत जाते. गळलेला रवा बसवणे, चेपलेले पान उठवणे अशा कामांसाठी मात्र असे काम नेहमी करणाराच कारागीर हवा. कोल्हापूरच्या गुजरीत, पुण्याच्या रविवार पेठेत किंवा मुंबईच्या झवेरी बाजारात चौकशी केल्यास तसे हात अजून सापडतात. त्यांना आधी एखादा साधा मणी देऊन काम पाहावे, मग साज द्यावा.

११. मोड, विक्री आणि परदेशी नेणे

हॉलमार्क नसलेला जुना दागिना विकण्यास सामान्य माणसाला कायद्याची आडकाठी नाही. दोन लाख रुपयांवरील व्यवहारात पॅन द्यावा लागतो. वारशाने आलेल्या दागिन्यांवरील भांडवली नफा काढताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या तारखेची बाजारकिंमत घेण्याची मुभा आहे आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला घ्यावा.

मोड घालायचीच असेल तर सगळा डबा एकदम घालू नये. भरीव, साधे, झिजलेले आणि यंत्रावरचे दागिने आधी काढावेत. त्यांत सोन्याचा उतारा चांगला येतो आणि गमावण्यासारखे हातकाम कमी असते. रवाकामाच्या कुड्या, बुगड्या आणि लाखेचे साज मोडीत सर्वांत कमी पैसे देतात. लाख आणि झाळ वजा जाता त्यांतून जे मिळते, त्यात तसाच दागिना परत घडवून घेता येत नाही, म्हणून त्यांचा निर्णय शेवटी आणि स्वतंत्रपणे घ्यावा. भावंडांत वाटणी करताना मण्यांची माळ तोडून समान वजनाचे भाग करण्यापेक्षा एका दागिन्यापोटी दुसऱ्याला रोख रक्कम देणे सोपे पडते.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी: शंभर वर्षे किंवा त्याहून जुना दागिना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो आणि तो खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. दागिना तितका जुना नसून केवळ तसा दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला प्रवासाच्या पुरेसा आधी मागावा. जो दागिना नेऊन पुन्हा आणायचा आहे, त्याची नोंद निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे करून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी वजन, वर्णन आणि छायाचित्रे लागतात, आणि ती पहिल्या पायरीत तयार झालेली असतात.